निरोपाची गाणी



मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून तोंडातून ‘जातो’ निघालेच, तर घरातील एखादी वृद्धा त्याला उंबरठ्यावर थांबविते आणि शब्द बदलून घेते. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. घरचा गणपती विसर्जनासाठी उचलण्यापूर्वी त्याच्याही हातावर दही ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. बरोबर शिदोरी दिली जाते, आणि वाटेने जो गजर होतो तो पुढच्या वर्षीच्या निमंत्रणाचा असतो. देव असो वा माणूस, त्याला निरोप देताना आपण त्याच्या जाण्याविषयी बोलत नाही, परत येण्याविषयी बोलतो.

‘निरोप’ हा शब्दही बारकाईने पाहण्यासारखा आहे. आपण निरोप घेतो आणि निरोप देतो. त्याचबरोबर निरोप धाडतो, निरोप सांगतो, निरोप पोहोचवतो. ताटातूट आणि ताटातुटीनंतर कळवावयाचे बोलणे, या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द वापरला. आपल्या शेजारच्या हिंदीत ‘बिदाई’ वेगळी आणि ‘संदेसा’ वेगळा. मराठीत मात्र ज्याचा निरोप घेतला त्याच्यासाठी निरोप ठेवावा लागतो. आपल्याकडील निरोपाच्या गाण्यांकडे या शब्दाच्या अंगाने पाहिले, तर असे दिसते की त्यांतील उत्तम गाणी दुःखाचे वर्णन करीत बसत नाहीत. ती काहीतरी कळवीत असतात. कोणाला तरी काही सांगावयाचे आहे आणि सांगणाऱ्याला स्वतः तेथे जाता येत नाही, अशा जागी ती उभी आहेत.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ही जागा परिचयाची असावयास हवी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचे शहर झाले. शहराच्या त्या भागाचे नाव आजही ‘लष्कर’ असेच आहे. तळ हा उठण्यासाठी असतो. हा उठला नाही. पेशवाईच्या उत्तरकाळातील लावण्यांत मोहिमेवर निघालेल्या शिपायाची स्त्री पुष्कळदा भेटते. ती त्याचा शेला धरते, दिवस मोजते, लवकर परतण्याची गळ घालते. लावणीतील विरह म्हणजे केवळ शृंगाराचे निमित्त, असे म्हणून अभ्यासक पुढे जातात. पण घरटी एक माणूस उत्तरेच्या वाटेवर असण्याच्या त्या काळात ऐकणाऱ्या बायकांना तो निमित्तमात्र वाटला असेल, असे मानवत नाही. त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर काय आले, हे लष्करच्या गल्ल्यांना ठाऊक आहे. काहींच्या मागून त्यांची कुटुंबे आली. काहींची आली नसतील. लावणी तेथवर जात नाही. ती वाट पाहण्यापाशी थांबते.

परंतु निरोपाचे खरे भांडार शाहिरांच्या डफापाशी नाही, जात्यापाशी आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या संग्रहांतून हे धन प्रकाशात आणले, आणि १९८० नंतरच्या दशकांत गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख हा आकडा क्षणभर मनात ठेवावा. लिहिता न येणाऱ्या बायकांनी पहाटेच्या अंधारात, हात गुंतलेले असताना रचलेले हे वाङ्मय आहे. त्यातील मोठा भाग माहेराला धाडलेल्या निरोपांचा आहे.

ओवीतील सासुरवाशीण निरोप कोणाबरोबर धाडते, हे पाहावे. वाऱ्याबरोबर, चंद्राबरोबर, पाखराबरोबर, माहेरच्या गावावरून जाणाऱ्या वाटसरूबरोबर, बांगड्या भरावयास आलेल्या कासाराबरोबर. कालिदासाच्या यक्षाला मेघ मिळाला, तर आपण त्याच्या प्रतिभेची वाखाणणी करतो. ओवीतल्या बाईची पाखराशी चाललेली बोलणी त्याच जातीची आहेत. तिच्यावर कोणी टीका लिहिली नाही, इतकेच. आणि ती सांगते काय? बहुधा खोटे सांगते. मी सुखात आहे असे आईला सांग, म्हणते. भाऊ भेटीला आला, आणि त्याने तिच्या हातांचे घट्टे पाहिले, तरी ते आईच्या कानावर घालू नकोस, अशी त्याला विनवणी करते. दळताना मात्र जात्याला सगळे खरे सांगितलेले असते. म्हणजे माहेरी जातो तो एक निरोप, आणि ओवीत राहतो तो दुसरा. संग्राहकांनी वही उघडली म्हणून हा दुसरा निरोप आपल्यापर्यंत पोहोचला. ज्या आईसाठी तो होता तिच्यापर्यंत तो गेलाच नाही.

या व्यवहारासाठी मराठीने स्वतंत्र शब्द घडविले. लेकीला आणावयास माणूस पाठविणे म्हणजे ‘मूळ धाडणे’, आणि जो भाऊ आणावयास येतो तो ‘मुराळी’. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाऊन चार दिवस राहणारी जाणती स्त्री ती ‘पाठराखीण’. म्हणजे पाठवणी ही एका क्षणाची घटना नव्हती. पुढे पाठराखीण, नंतर मुराळी, मग सणावारांचे येणे-जाणे, अशी ती दोन्ही टोकांना बांधलेली होती. पंचक्रोशीत सोयरीक होत होती तोवर ही बांधणी टिकली. सातारा-वाईकडची मुलगी ग्वाल्हेरला दिली, म्हणजे काय झाले असेल? रेल्वे होण्यापूर्वी हा प्रवास महिन्यांचा होता. मुराळी पंचमीला निघून पंचमीला पोहोचणार नव्हता. श्रावणातली ओवी या घरांत गायिली गेली ती मुराळी येणार नाही हे ठाऊक असताना गायिली गेली. शब्द तेच असतील; त्यांचा अर्थ तोच राहिला असेल काय?

विवाहविधीतच या निरोपाला एक जागा करून ठेवली आहे. ऐरणीदान, ज्याला आपण ‘झाल’ म्हणतो, त्या वेळी वेळूच्या पात्रात दिवे लावून ते वरपक्षाच्या मंडळींच्या मस्तकी धरतात आणि मुलीला त्यांच्या स्वाधीन करतात. गाणी या वेळी म्हणावयाची. त्यांतील भाषण मुलीशी कमी असते. व्याह्यांशी, विहिणींशी अधिक असते. हिला सांभाळा, चुकले तर पदरात घ्या. देण्याघेण्याच्या सगळ्या मानपानात ज्यांचा शब्द खाली राहिला, त्या आईबापांना एवढे एकच वाक्य मोकळेपणी बोलता येत असे, आणि तेही गाण्यातून.

हेच वाक्य कण्वाने दुष्यंताला सांगून पाठविले आहे. शाकुंतलाचा चौथा अंक सर्वांना वंद्य, पण त्याची जी स्तुती होते ती वेलींना मिठी मारणाऱ्या शकुंतलेची आणि तिच्या वस्त्राला धरून ओढणाऱ्या हरिणपाडसाची. ते सुंदर आहेच. तथापि त्या अंकाचा कणा म्हणजे कण्वाचा निरोप. आम्ही तपोधन आहोत, तुमचे कुळ थोर आहे, आणि हिचे तुमच्यावरील प्रेम कोणा नातलगाने जुळवून आणलेले नाही, हे ध्यानात घेऊन इतर राण्यांच्या बरोबरीने हिला वागवा. याहून अधिक ते दैवाधीन, मुलीच्या माहेरच्यांनी ते बोलू नये, असा त्याचा आशय आहे. मागणे किती थोडे आहे! अधिक मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे ऋषीला कळते. वनात राहणाऱ्या आपल्यासारख्या विरक्ताची ही अवस्था, तर संसारी बापांचे काय होत असेल, असे तो स्वतःशी म्हणतो, तेव्हा प्रेक्षागृहातील प्रत्येक संसारी बाप त्या एका वाक्यात येऊन बसतो. शकुंतला निघताना विचारते की हे तपोवन मी पुन्हा केव्हा पाहीन. उत्तर मिळते ते वार्धक्यातले: मुलाला गादीवर बसवून पतीसह येशील तेव्हा.

आणि हा निरोप पोहोचत नाही. दुर्वासाचा शाप आधीच घडून गेला आहे, अंगठी तीर्थाच्या पाण्यात पडणार आहे, आणि राजा ओळखच दाखविणार नाही. प्रेक्षकाला शाप माहीत असतो, कण्वाला नसतो.

या अंकाला मराठी रंगभूमीच्या इतिहासात एक निराळे स्थान आहे, त्याची आठवण येथे करावयास हवी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले ते पहिल्या चार अंकांचे. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या त्या पहिल्या रात्रीचा पडदा पडला तो पाठवणीवर. बाळकोबा नाटेकर कण्व झाले होते. प्रेक्षक घरी परतले ते शकुंतला आश्रमातून निघाली एवढेच पाहून. अंगठी सापडल्याचे सुख त्या रात्री कोणाच्याच पदरी पडले नाही. तरीही ते नाटक गाजले, आणि पुढे सात अंकांचे झाले. अण्णासाहेब स्वतः बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, कानडी मुलखात वाढलेले. या नाटकाची पदे त्यांनी साक्या-दिंड्यांच्या, बायकांच्या गाण्यांच्या, कानडी पदांच्या ओळखीच्या चालींवर बांधली, म्हणून ती घरात शिरली. नाटक मंडळ्या इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर अशा फिरत असत. कोकणस्थ-देशस्थ घरांतील ज्या बायकांना संस्कृत नाटक वाचता येणे शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत कण्वाचा निरोप या मार्गाने आला.

आता संतांकडे वळू. अखेरच्या निरोपाचे पहिले मोठे मराठी वाङ्मय म्हणजे नामदेवरायांच्या नावावरचे समाधीचे अभंग. शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो प्रसंग त्यांत आहे. या अभंगांच्या कर्तृत्वाविषयी विद्वानांत वाद आहेत. ते येथे बाजूला ठेवू. त्यांत निवृत्तिनाथांचे जे चित्र आहे ते कण्वाशेजारी ठेवण्यासारखे आहे. वडील भाऊ, त्यातही गुरू. ज्याने धाकट्याला मायेपलीकडचे शिकविले, त्याचाच धीर सुटतो. आणि तो योग्याच्या भाषेत रडत नाही. तळ्याचा बांध फुटावा, पेंढीचा बंध सुटून गवत रानभर व्हावे, असे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढचे दाखले त्याच्या तोंडी आले आहेत. हे अभंग वाचताना मुक्ताबाईचे वय आठवावे.

तुकोबांचे निराळे. ते स्वतःच निरोप धाडणारे आहेत. गाथेत संतांबरोबर पंढरीस पत्र पाठविल्याचे अभंग आहेत. वारीची वेळ आली आहे आणि तुकोबांना जाता येत नाही. म्हणून जाणाऱ्यांच्या हाती ते विठोबासाठी निरोप देतात. त्यापुढचे अभंग अधिक हृद्य आहेत. वारकरी परत येण्याची ते वाट पाहतात. माहेरचा काय निरोप येईल या विचाराने त्यांना झोप लागत नाही. आईने माझी आठवण काढली काय, मला मूळ येईल काय, असे सगळे सासुरवाशिणीचे प्रश्न ते विचारतात. देहूचा हा वाणी ओवीतल्या बाईची जागा घेतो. जात्यावरची ओवी ऐकत जो वाढला त्यालाच हे सुचू शकते. शके १५७१ मध्ये, म्हणजे १६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला त्यांचे प्रयाण झाले. प्रयाणाच्या अभंगांत ते लोकांना रामराम करतात आणि आपल्या गावाला निघाल्याचे सांगतात. मरण म्हणजे माहेरी परतणे. इतके दिवस होते ते सासर. मुराळी आला, एवढाच त्याचा अर्थ.

हीच वाट अडीचशेहून अधिक वर्षांनंतर याच मुलखातील एका कवीने उलट दिशेने चालून दाखविली. भास्कर रामचंद्र तांबे १८७३ साली मुंगावलीस जन्मले, देवास, इंदूर, ग्वाल्हेर असे आयुष्यभर मध्य भारतातच राहिले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली येथेच वारले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहून मराठीत असे लिहिणारा दुसरा कवी दाखविता येणे कठीण. त्यांच्या एका विख्यात कवितेत जीव ही नववधू आहे आणि मृत्यू हा प्रियकर. तिला जावयाचे आहे आणि पाऊल उचलत नाही. ओढ आहे आणि भीतीही आहे. तुकोबांना मरण माहेर वाटले; तांब्यांना ते सासर वाटले. दोघांनाही अखेरच्या निरोपासाठी दुसरी प्रतिमा सापडली नाही. मुलीच्या त्या एका वाटेवरूनच मराठी कविता मरणापर्यंत गेली, एकदा या टोकाकडून, एकदा त्या.

तांब्यांच्या सासरच्या प्रतिमेला येथील हवापाण्याचाही आधार आहे. उत्तरेत नैहर आणि ससुराल हे रूपक कबीरापासून घराघरांत आहे. पाठवणीची डोली आणि तिरडी यांची एकरूपता सांगणारी गीते येथील शेजारणी लग्नातही गातात, आणि मराठी बायका ती ऐकून प्रारंभी दचकत असत. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर वाजिद अली शाहास लखनौ सोडावी लागली. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भैरवी ठुमरीत राज्य गमावलेला नबाब स्वतःला बापाच्या घरातून निघालेली मुलगी समजतो. म्हणजे राजा, वाणी, राजकवी, सगळ्यांना निरोपासाठी मुलीचाच वेष घ्यावा लागला. मुलीला मात्र तो घ्यावा लागत नव्हता. तिला तो नेसवूनच पाठवीत.

त्याच तांब्यांची आणखी एक कविता आहे, आपल्यामागे लोक क्षणभर हळहळतील आणि पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतील, असे सांगणारी. पुढे लता मंगेशकरांच्या आवाजात ती घरोघरी पोहोचली. मराठीतील निरोपाच्या गाण्यांत ती एकाकी आहे, कारण तिच्यात कोणासाठी काहीच निरोप नाही. कोणी वाट पाहावी, अशी अपेक्षाही नाही. ती ऐकून लोक उदास होतात. वस्तुतः ती फार निर्मळ आहे. कुमार गंधर्वांनी, तेही बेळगावजवळच्या सुळेभावीहून येऊन देवासला स्थायिक झालेले, ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रम केला, तेव्हा माळव्यातील कवी माळव्यातील गायकाकडून महाराष्ट्राला पुन्हा ऐकावयास मिळाला. बृहन्महाराष्ट्राने धाडलेला हा निरोप पोहोचला, असे म्हणता येईल.

मैफलीची अखेर भैरवीने करण्याची आपली चाल सर्वश्रुत आहे. हा राग सकाळचा, पण मैफल रात्री दोनला संपली तरी भैरवीच गातात. त्यावर अधिक बोलणे संगीतज्ञांचे काम आहे.

गेल्या शतकाच्या मध्यापासून पाठवणीचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर आले. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर या त्रयीने सासरी निघालेल्या मुलीचे जे गीत केले, ते ऐकताना डोळे कोरडे राहिलेला मराठी मांडव शोधून सापडावयाचा नाही. ते गीत चांगलेच आहे. पण एक बोललेले बरे: ते आले आणि मांडवातल्या बायका गप्प झाल्या. पूर्वी आत्या, मामी, काकू आपापल्या घराण्यातली गाणी म्हणत. त्यांत मुलीचे नाव, विहिणीचे नाव, गावाचे नाव गुंफलेले असे. तबकडीवरचे गाणे सगळ्यांचे, म्हणून त्यात कोणाचेच नाव नाही. आता कार्यालयांत ध्वनिक्षेपकावर हिंदी चित्रपटातले बिदाईचे गाणे लागते, छायाचित्रकार मुलीला थोडे थांबावयास सांगतो, आणि गाडीत बसल्यावर पाचव्या मिनिटाला आईच्या भ्रमणध्वनीवर मुलीचा चेहरा दिसतो. त्यात वाईट काही नाही. सातारच्या त्या मुलीला असे यंत्र मिळाले असते तर तिने जात्याला काही सांगितले नसते, आणि तिचे आयुष्य अधिक सुखाचे झाले असते. ओव्यांच्या मोबदल्यात तिने ते आनंदाने घेतले असते.

मात्र जे सांगितले गेले ते तरी राहावयास हवे. महाराष्ट्रातील ओव्यांचे संग्रह झाले. ग्वाल्हेर, झाशी, सागर, इंदूर येथील मराठी बायकांनी जे गायिले, त्याकडे त्या मानाने कोणाचे लक्ष गेले नाही. या भागात जाते लवकर सुटले, पण लिहिता येणाऱ्या बायका अधिक होत्या, आणि त्यांच्या वह्या होत्या. मंगळागौर, डोहाळे, झाल, गौरींची पाठवणी, सगळे पेन्सिलीने किंवा टाकाने लिहिलेले. कोठे मोडीत, कोठे बाळबोधात, मध्येच एखाद्या शेजारणीकडून ऐकलेले बुंदेली गाणे. शंभर वर्षांत आपल्या ग्रंथालयाने छापील पुस्तके जिवापाड जपली. या वह्या ग्रंथालयात आल्या नाहीत, कारण त्यांना कोणी ग्रंथ मानले नाही. वृद्ध आजी गेल्यावर ट्रंक उपसली जाते आणि अशी वही रद्दीत जाते. मुला-नातवंडांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, तर ती ग्रंथालयाच्या टेबलावर आणून द्यावी. द्यावयाची नसेल तर प्रत करून घेण्यापुरती द्यावी. पहिले पान फाटलेले असले तरी चालेल. वहीबरोबर एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: वही लिहिणाऱ्या बाईचे माहेरचे नाव, तिचे माहेरचे गाव, आणि लग्न होऊन ती या शहरात कोणत्या साली आली. चाल कोणाला आठवत असेल, तर ती दोन ओळी का होईना म्हणून ध्वनिमुद्रित करून ठेवावी. आवाज चांगला नाही म्हणून संकोच करू नये.